पैसा कुठल्या वाटेने येतो

माझी सगळी नोकरी विद्यापीठांच्या लेखा विभागात गेली. त्यामुळे शिक्षणावर प्राध्यापक बोलतात तसं मला बोलता येणार नाही. मी आपला व्हाउचरवरून बोलेन.

मार्चचा शेवटचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. एका प्रयोगशाळेच्या अनुदानाचा हप्ता फेब्रुवारीअखेर जमा झालेला. 31 मार्चच्या आत खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र दिलं नाही, तर पुढचा हप्ता अडकणार. विभागप्रमुखांना हवं होतं एक उपकरण, पण त्याच्या निविदेलाच तीन महिने लागणार. मग घेतलं काय? लोखंडी कपाटं. दरकरारावर, म्हणजे आधीच ठरलेल्या दराने, नव्या निविदेशिवाय लगेच मिळतात ना! ती जूनपर्यंत व्हरांड्यात उभी होती, वरचं प्लॅस्टिकही तसंच. हिशेब मात्र चोख. लेखापरीक्षणात एक आक्षेप निघाला नाही, आणि निधी शंभर टक्के खर्च केल्याबद्दल आमचं कौतुकच झालं.

आता आपल्याकडचं वेतन अनुदान पाहा. ते मंजूर पदावरच्या माणसाच्या पगारासाठी येतं. माणूस निवृत्त झाला, जागा भरली नाही, की शासनाचा तेवढा पगार वाचतो. वर्ग तर चालवायचाच असतो. तिथे नेट-सेट झालेली एखादी मुलगी तासिका तत्त्वावर येते. तास झाला तर मानधन, सुट्टी लागली की काही नाही. कागदावर दर विद्यार्थ्यामागचा खर्च खाली आला, म्हणजे कार्यक्षमता वाढली! अशी कार्यक्षमता मी कित्येक तक्त्यांत स्वतःच्या हाताने भरली आहे.

1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, परराज्यांत जाणारी पोरं इथे थांबली, हे खरंच. पण भार गेला फीवर. महाविद्यालयं वाढली तसं विद्यापीठांचं संलग्नीकरण शुल्क वाढलं, परीक्षा शुल्क वाढलं. जिथून पैसा येतो तिथे माणसं आणि जागा जातात. परीक्षा विभागाला नवी इमारत मिळते आणि ग्रंथालय नियतकालिकांची वर्गणी भरायला तारखा मागत बसतं. यात कुणाची लबाडी नाही.

बाहेर काय चालतं? ब्रिटनमध्ये 1919 पासून अनुदान समिती होती. पुढे बराच काळ ती पाच-पाच वर्षांसाठी एकरकमी अनुदान ठरवून देई, ते कशावर खर्चायचं हे बहुतांशी विद्यापीठ ठरवी. सत्तरच्या दशकातल्या महागाईने ती घडी मोडली. 1986 पासून संशोधनाचं मूल्यमापन करून त्यावर पैसे वाटायला लागले. डेन्मार्कने नव्वदच्या दशकात तर मीटरच लावला. पद्धतीचं नावच टॅक्सीमीटर. विद्यार्थी परीक्षा पास झाला की विद्यापीठाच्या खात्यात त्याचे पैसे पडणार. रिक्षाचा मीटर लांबच्या रस्त्याने पळतो, हा पास करण्याच्या रस्त्याने पळेल, ही भीती उघडच आहे. तिथे अनेक परीक्षांना बाहेरचे परीक्षक असतात, म्हणून जरा लगाम. 2019 पासून त्यांनीही ठरावीक मूळ अनुदानाचा हिस्सा ठेवला, आणि वेळेत पदवी व नंतरची नोकरी यांना एकूण पैशातला वेगळा छोटा वाटा जोडला.

आपण मात्र 2017 मध्ये केंद्रीय संस्थांच्या इमारती-उपकरणांसाठी कर्ज देणारी वित्तसंस्था काढली, कॅनरा बँकेला सोबत घेऊन. कर्ज म्हटलं की फेड आली. इतिहासाचा विभाग हप्ता कुठून काढणार?

मला विचाराल तर मीटर नंतर लावा. आधी अनुदान निदान तीन वर्षांचं एकदम सांगा, आणि 31 मार्चची शिल्लक पुढच्या वर्षात ओढू द्या. लेखा विभागाची तारांबळ उडेल, आम्ही कुरकुरू. पण निविदा पूर्ण होईल. आमच्या त्या विभागप्रमुखांनी पुढच्या वर्षीही उपकरणाचीच मागणी लावली होती. हप्ता आला 9 मार्चला.