प्राध्यापक नोकरी का सोडतात?

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यापीठातली कायमची नोकरी म्हणजे जन्माची भाकरी, अशी आपल्या बेळगाव-निपाणीकडे अजून समजूत आहे. त्यामुळे एखाद्या सरांनी राजीनामा दिला की गल्लीत पहिला प्रश्न, "काय भानगड झाली?" बहुतेक वेळा भानगड नसते. माणूस वैतागलेला असतो.

पगाराचं म्हणाल तर सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. इंजिनिअरिंगवाल्यांना बंगळूर-पुण्याच्या कंपन्या ओढतात, ते सोडा. बाकीचे सहसा पैशासाठी जात नाहीत. नियमानं आठवड्याला १६ तास शिकवायचं. पण नॅकची, म्हणजे कॉलेजची प्रतवारी ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, तपासणी आली म्हटलं की आधी कित्येक महिने फायली भरायच्या. झाड लावलं, काढा फोटो. फोटोवर अक्षांश-रेखांश हवेत. खाली अहवाल, सही, शिक्का. मराठीचे सर वृक्षारोपणाचे पुरावे गोळा करत बसले, तर वर्गात तुकोबा कोण शिकवणार? त्यात कर्नाटकानं २०२१ मध्ये नवं शैक्षणिक धोरण आणलं आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांच्या पदवीवर माघारी आलं. दोन्ही खेपेला अभ्यासक्रम नव्यानं मांडायचा, तो याच लोकांनी.

पूर्वी अशा वेळी पेन्शनकडे बघून दिवस ढकलता यायचे. १ एप्रिल २००६ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शनच नाही.

अतिथी, म्हणजे तात्पुरत्या मानधनावरच्या, प्राध्यापकांची तऱ्हा निराळी. सरकारी पदवी महाविद्यालयांत २०२२ मध्ये त्यांचं मानधन वाढलं, पात्रता असलेल्यांना ३२ हजारांपर्यंत. सोबत आठवड्याचे तासही ८ वरून १५ झाले. म्हणजे दोघांचं काम एकाला, दुसरा घरी! मग पीएचडी झालेला माणूस हायस्कूलची सरकारी जागा धरतो, आणि त्याला नावं कुणी ठेवावीत?

सीमाभागात आणखी एक त्रांगडं आहे. सेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राज्य पात्रता परीक्षा, जिथली तिथंच चालते; महाराष्ट्र आणि गोव्याची मिळून एकच आहे. कोल्हापुरात एम.ए. करून महाराष्ट्राची सेट काढलेल्या खानापूरच्या मुलाला ती चंदगडला चालते, गोव्यात चालते, स्वतःच्या गावच्या कॉलेजात नाही. के-सेट, म्हणजे कर्नाटकाची सेट, काढलेल्याचं उलट. देशभर चालणारी नेट परीक्षा झालेल्याला मात्र दोन्हीकडे दार उघडं, म्हणून आधी तोच जातो.

जाणाऱ्याचं बरं होतं. अडकतो तो त्याचा पीएचडीचा विद्यार्थी. मोठ्या विभागात दुसरा मार्गदर्शक मिळतो. आपल्याकडे मराठीसारख्या विभागात माणसंच मोजकी, तेव्हा नव्या मार्गदर्शकाच्या सोयीनं विषय वाकवावा लागतो, नाहीतर कोल्हापूरची वाट धरावी लागते.

पालकांनो, प्रवेश घेताना इमारत बघताच. सोबत एवढंही विचारा: मुलाच्या विभागात कायम प्राध्यापक किती आणि अतिथी किती? नॅकसाठी कॉलेजनं भरलेल्या अहवालात शिक्षकांची माहिती असते आणि तो अहवाल कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. ऑफिसात मागायला संकोच करू नका.