मॅडिसन नक्की कुणाच्या बाजूचा? अमेरिकेतली दोन भांडणं

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या घटनेवरचा व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच प्रश्न येतोय, घटना घडवणाऱ्यांतल्या आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनबद्दल: "मॅडिसन फेडरलिस्ट, म्हणजे मजबूत केंद्रवाला, की त्यांचा विरोधक? तुम्ही दोन्ही सांगता." हो, सांगतो, कारण दोन्ही खरं आहे. आज तेवढंच बोलू.

पार्श्वभूमी पटकन उरकतो. १७८१ पासून तेरा राज्यं 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'खाली एकत्र होती. काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला, कर बसवायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे, दिले तर दिले. आयात मालावर पाच टक्के जकात लावू म्हटलं, तर एकट्या ऱ्होड आयलंडने मोडता घातला, कारण नियम बदलायला तेराच्या तेरा राज्यांचा होकार लागायचा. मग मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांचं बंड झालं, आणि १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात नवी घटना लिहिली गेली. झालं.

आता नीट ऐका. भांडणं दोन आहेत. पहिलं १७८७-८८ चं: ही घटना स्वीकारायची की नाही? हो म्हणणारे फेडरलिस्ट, नाही म्हणणारे अँटी-फेडरलिस्ट. मॅडिसन 'हो'वाल्यांच्या अगदी पुढे. हॅमिल्टन आणि जॉन जे यांच्यासोबत त्याने 'पब्लियस' या टोपणनावाने लेख लिहिले. तिघांचे मिळून ८५, हेच 'फेडरलिस्ट पेपर्स'. समोर व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री.

इथे थोडं चिडतो. कमेंटमध्ये अँटी-फेडरलिस्टांना सरसकट "देश तोडायला निघालेले" म्हणतात. अहो, व्हर्जिनियात घटना ८९ विरुद्ध ७९ मतांनी पास झाली, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७! ही काय मूठभर वेड्यांची गोष्ट आहे? लांबचं सरकार कर बसवणार, कायमचं सैन्य ठेवणार, आणि नागरिकांच्या हक्कांची यादी कुठेच नाही, हे त्यांचे आक्षेप. १७९१ ला पहिल्या दहा दुरुस्त्या झाल्या त्या याच दबावामुळे. आणि त्या काँग्रेसमध्ये मांडल्या कुणी? मॅडिसनने.

दुसरं भांडण १७९० पासूनचं: घटना तर आली, आता तिच्या आत केंद्राने किती हातपाय पसरायचे? हॅमिल्टन अर्थमंत्री. तो म्हणाला, राज्यांची युद्धातली कर्जं केंद्राने अंगावर घ्यावीत. पुढे म्हणाला, राष्ट्रीय बँक काढू. मॅडिसन आडवा आला. व्हर्जिनियाने आपलं बरंच कर्ज फेडून टाकलं होतं, मग इतरांचं का भरायचं? आणि बँक काढायचा अधिकार घटनेत लिहिलाय कुठे? हॅमिल्टनचं उत्तर: 'आवश्यक आणि योग्य' कायदे करायची मुभा आहे, त्यात बँक बसते. या वादातून मॅडिसन आणि परराष्ट्रमंत्री जेफरसन एका पक्षात आणि हॅमिल्टन-अ‍ॅडम्स दुसऱ्या पक्षात गेले. या दुसऱ्या पक्षाचंही नाव फेडरलिस्टच, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

सोसायटीचं उदाहरण घ्या. आधी भांडण, सोसायटी रजिस्टर करायची का. ती झाली की पुढचं, कमिटीने मेंटेनन्सच्या पैशातून काय काय करायचं. पहिल्या मीटिंगला एकत्र हात वर करणारे दुसऱ्या मीटिंगला एकमेकांवर ओरडतातच की!

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करताना तिने फोन केला. त्यात विचारतात, फेडरलिस्ट पेपर्सच्या लेखकांपैकी एकाचं नाव सांगा. ती म्हणाली, "इथे उत्तरात मॅडिसन दिलाय. तो तर जेफरसनच्या पक्षाचा ना रे? चुकून छापलंय का?" मी म्हटलं, ताई, आधी साल विचार. १७८८ म्हणशील तर तो हॅमिल्टनच्या शेजारी, १७९२ म्हणशील तर समोर.

उलट बाजूनेही बघा. घटनेला कडाडून विरोध करणारा पॅट्रिक हेन्री १७९९ मध्ये फेडरलिस्ट म्हणून व्हर्जिनियाच्या विधिमंडळावर निवडून आला. जागेवर बसण्याआधीच वारला. म्हणजे मॅडिसन इकडून तिकडे, हेन्री तिकडून इकडे.

आणि अख्खा पक्ष बघायचा असेल तर १८१४ ला या. मॅडिसन राष्ट्राध्यक्ष, ब्रिटनशी युद्ध चालू. मजबूत केंद्राचे पुरस्कर्ते फेडरलिस्ट आता सत्तेबाहेर. न्यू इंग्लंडमधले, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतले, फेडरलिस्ट हार्टफर्ड शहरात जमले आणि राज्यांच्या हक्कांची भाषा बोलू लागले! तर १८१६ मध्ये मॅडिसनने दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या कायद्यावर सही केली.

"मग मॅडिसनने पलटीच मारली म्हणा ना, सर." थोडी मारली, माझं मत. फिलाडेल्फियात त्याला राज्यांचे कायदे रद्द करायचा अधिकार केंद्राला हवा होता, हे विसरता येत नाही. पण केंद्राचे अधिकार मोजके आणि ठरलेले असतील, असं त्याने पब्लियसच्या लेखांतही लिहिलं होतं. त्यामुळे १७९१ चा बँकेवरचा त्याचा आक्षेप मला लबाडी वाटत नाही. १८१६ ची सही जास्त खटकते.

जाता जाता, जेफरसनच्या पक्षाला रिपब्लिकन म्हणत, म्हणून तो ट्रम्प यांचाच पक्ष, असं लिहिणाऱ्यांसाठी: आजचा रिपब्लिकन पक्ष १८५४ चा. कृपया थांबवा हे.

पुढच्या वेळी १८०० ची निवडणूक. जेफरसनला इलेक्टरांची ७३ मतं, आणि त्याच्याच पक्षाच्या अ‍ॅरन बरलाही ७३. निकाल लागायला काँग्रेसच्या प्रतिनिधी सभागृहात ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं. भेटू.