करमतं का तिथं?

(मुंबईतल्या नायगाव इथं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी इथल्याच बीडीडी चाळीत लहानाची मोठी झाले. समोर बसलेल्यांत कितीतरी काकू आणि मावश्या आहेत, ज्यांच्या हातचं खाल्लंय मी. गेली सोळा वर्षं मी लंडनच्या पूर्वेकडे बेकन्ट्री नावाच्या वस्तीत राहते. सुट्टीत घरी आले की प्रत्येक जण एकच विचारतं, "करमतं का गं तिथं?" दारात उभ्या उभ्या मी "हो" म्हणून मोकळी होते. आज सवडीने सांगते.

लंडन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं आमच्याकडे काहीही नाही. डिस्ट्रिक्ट लाइनची गाडी पकडून पूर्वेला जात राहायचं. डब्यातली गर्दी एकेका स्टेशनाला ओसरत जाते. उतरलं की विटांची दुमजली घरं, चार-चार, सहा-सहा एकमेकांना चिकटलेली. पुढे टीचभर बाग, मागे लांबलचक परसू. हीच ओळ मैलोन् मैल. डिसेंबरात तिथं दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात त्या अंधारात मी दोनदा दुसऱ्याच गल्लीत शिरले. रस्ता विचारायला माणूस दिसेना. पडद्यांमागे दिवे होते, टीव्हीचा निळसर उजेड हलत होता, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चाळीच्या व्हरांड्यात वाढलेल्या मुलीला ती शांतता अंगावर आली. कोणी आजारी आहे की काय, असंच वाटत राहायचं.

मग हळूहळू कळलं, ही शांतता आपोआप आलेली नाही, कोणीतरी ठरवून बांधलेली आहे.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना राहण्याजोगी घरं द्यायची, असं तिथल्या सरकारने वचन दिलं होतं. १९१९मध्ये घरबांधणीचा कायदा झाला. लंडन काउंटी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेने, शहराबाहेर, एसेक्स परगण्यातली सुमारे ३,००० एकर शेतजमीन आणि भाजीमळे ताब्यात घेतले. १९२१पासून बांधकाम सुरू झालं. थेम्सच्या काठी धक्का बांधून बोटींतून माल उतरवायचा आणि तात्पुरत्या रेल्वेने थेट कामावर आणायचा. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे २६,००० घरं उभी राहिली आणि लाखभर माणसं राहायला आली. सरकारी घरांची एवढी मोठी वसाहत तोवर जगात कुठे नव्हती. एकरी बारा घरं असावीत, असा त्या काळच्या सरकारी समितीचा दंडक होता. प्रत्येक घराला नळ, न्हाणी, संडास, बाग.

आता जरा थांबा. याच वर्षांत इथं काय चाललं होतं? सरकार तेच, महायुद्धही तेच. मुंबईच्या गिरण्यांतल्या आणि गोदीतल्या कामगारांसाठी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात या चाळी बांधल्या. एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली आणि संडास सामाईक. लंडनच्या कामगाराला गुलाबाची झाडं लावायला जागा मिळते आणि माझ्या आजोबांना अंग टाकायला पुरेशी जागा मिळत नाही. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आजही त्याचा राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

पण लंडनचे सगळेच गरीब तिथं पोहोचले, असं समजू नका. भाडं बेताचं नव्हतं. ज्याची मजुरी नेमाने येते, त्यालाच आधी घर मिळे. काहींना भाडं आणि रोजचं गाडीभाडं झेपलं नाही, ते जुन्या वस्तीत परत गेले. शिवाय कौन्सिलचे नियम होते. पुढची बाग नीटनेटकी हवी, कुंपण कापलेलं हवं. गोंगाट खपवून घेतला जात नसे. शांत राहणं ही घर टिकवायची अटच होती म्हणा ना, आणि पिढ्या गेल्या तशी ती अंगवळणी पडली.

आमचं घर बॅन्जोमध्ये आहे. मोठ्या रस्त्यावरून एक अरुंद बोळ आत जाते, टोकाला गोल मोकळी जागा आणि भोवताली घरं. वरून पाहिलं तर बॅन्जो वाद्यासारखं दिसतं, म्हणून तिथली माणसं त्याला बॅन्जोच म्हणतात. आत आलेली गाडी आली तशीच माघारी जाते. त्यामुळे वर्दळ नाही.

आमच्या शेजारी एक म्हातारी बाई राहायची. दोन वर्षांची असताना आईवडिलांबरोबर त्या घरात आलेली, तिथंच लग्न, तिथंच संसार. नवरा डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात होता. १९६८मध्ये तिथल्या शिलाईकाम करणाऱ्या बायकांनी संप केला आणि त्यातून १९७०चा समान वेतनाचा कायदा झाला, हे तिनेच मला पहिल्यांदा सांगितलं. ती मला 'लव्ह' म्हणायची, मी मनातल्या मनात आजी म्हणायचे. सहा-आठ महिने आमचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नव्हतं. मग एकदा ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, "सकाळी आठला माझा पुढचा पडदा उघडलेला नसेल, तर दार वाजव."

एवढंच. त्या एका वाक्याने मला ती वस्ती कळली. मला वाटत होतं कोणाचं कोणाकडे लक्ष नाही. लक्ष होतं, पण ते पडद्यांवर होतं. तिसऱ्या हिवाळ्यात एके दिवशी पडदा उघडला नाही. दार वाजवलं, हाका मारल्या, शेवटी अँब्युलन्स बोलावली. जिन्याच्या पायथ्याशी पडली होती, रात्रीपासून. वाचली. घरी परत आल्यावर तिने मला कुंपण कापायची मोठी कात्री दिली आणि म्हणाली, "आता हे तुझं काम."

स्वस्ताईचंही ऐका. लंडनमध्ये सगळ्यांत कमी किमतीची घरं ज्या भागांत मिळतात, त्यांत आमचा भाग कित्येक वर्षं आहे. म्हणून तर आम्हाला तिथं घर घेता आलं. पण लंडनचं स्वस्त म्हणजे दोघांच्या पगारातला मोठा वाटा पंचवीस वर्षं बँकेला देणं. त्याआधी चार वर्षं भाड्याने काढली. कपाटामागे काळी बुरशी धरायची, मुलाचा खोकला हटेना, आणि घराच्या एजंटाकडे तक्रार केली की एकच उत्तर, खिडक्या उघड्या ठेवा. जानेवारीत!

कौन्सिलची घरं इतकी कमी कशी झाली? १९८०च्या कायद्याने तीन वर्षं राहिलेल्या भाडेकरूला ते घर किमान तेहतीस टक्के सवलतीने विकत घेता येऊ लागलं. शेजारच्या आजीने आणि तिच्या नवऱ्यानेही घेतलं. का घेऊ नये? जन्मभर भाडं भरलेल्या माणसाला मालकीचं कोण अप्रूप असतं, ते चाळीतल्या माणसाला समजावून सांगायला नको. आजही आमच्या रस्त्यावर ओळखता येतं, दाराला निराळा रंग, पुढे पोर्च, भिंतीवर दगडाचा मुलामा दिसला की ते घर त्या काळात विकत घेतलेलं. पण विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी बांधली गेली नाहीत. पुढे विकत घेणारे म्हातारे झाले, वारले, आणि घरं गुंतवणूकदारांकडे गेली. कामगारांसाठी कौन्सिलने बांधलेलं घर आज कामगाराच्याच मुलाला बाजारभावाने भाड्याने घ्यावं लागतं. याला माझ्या मते अन्याय हाच शब्द आहे. तुमच्या चाळींच्या जागी टॉवर होतायत, ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत, मला मनापासून आनंद आहे. फक्त पुढच्या वीस वर्षांत ती कोणाच्या नावावर जातात, तिकडे डोळे उघडे ठेवा.

तर, करमतं का? करमतं. शांततेतही आवाज असतात, ते ओळखू यायला मला दोन-तीन वर्षं लागली. कचऱ्याची गाडी यायच्या आदल्या रात्री डबे ओढत नेतानाची चाकांची घरघर. जानेवारीत कोल्ह्यांचं ओरडणं, बाळ रडतंय असं वाटावं असं. उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या गाडीची धून. मागच्या परसात आता मेथी आणि कोथिंबीर आहे, आणि पलीकडच्या नायजेरियन बाई तिच्या बदल्यात भोपळ्याची पानं देतात.

शेजारची आजी गेली. तिच्या मुलांनी घर विकलं, नव्या मालकाने एकेक खोली वेगवेगळ्या लोकांना भाड्याने दिली. राहणारे वर्षभरात बदलतात, नाव कळेपर्यंत दुसरे येतात. गाडी लावायला जागा हवी म्हणून मालकाने पुढचं कुंपण मुळासकट काढून फरशी घातली. त्या कुंपणात चिमण्या होत्या. आजी मला बजावायची, कात्री लावण्याआधी हाताने फांद्या बाजूला करून घरटं आहे का बघ, असेल तर महिनाभर थांब. कुंपण गेलं त्या आठवड्यात त्या चिमण्या आमच्या बाजूला आल्या. या वर्षी जूनमध्ये फांद्या बाजूला केल्या तर आत चार पिल्लं होती. कात्री परत ठेवून दिली.