ऊन, सावली आणि सोन्याचा देश

इकडे येताना सिग्नलवर थांबले होते. लाल दिव्यापासून चांगल्या वीस हात मागे, कडुनिंबाखाली पाच-सहा गाड्या उभ्या. पुढचा रस्ता सगळा रिकामा. मागचा एक जण हॉर्न वाजवून दमला, पण तोंडाला दुपट्टे बांधलेली ती मंडळी काही सरकली नाहीत. मे महिन्यात नागपूरकराला सावलीचं महत्त्व मी काय सांगणार? अडचण एवढीच की आजच्या कवितेतली सावली गारवा देणारी नाही.

अमेरिकन कवी एडगर ॲलन पो यांची 'एल्डोराडो', म्हणजे दंतकथेतला सोन्याचा देश. एप्रिल १८४९ मध्ये बोस्टनच्या एका साप्ताहिकात आली. आदल्या वर्षी कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं आणि माणसं घरदार सोडून तिकडे धावत होती. कविता अवघी चोवीस ओळींची. नटूनथटून, गाणं म्हणत एक सरदार सोन्याच्या देशाच्या शोधात निघतो. म्हातारा होतो, देश सापडत नाही. अंगातलं बळ सरतं तेव्हा एक यात्रेकरू भेटतो. त्याला पत्ता विचारला तर तो म्हणतो, चंद्राचे डोंगर ओलांड, सावलीच्या दरीत उतर, घोडा दामटत राहा. झालं.

सोन्याचं प्रतीक सगळ्यांनाच कळतं, ते सोडून देऊ. मला थांबायचंय 'शॅडो' या शब्दापाशी. चारही कडव्यांत तिसरी ओळ त्याच्यावर संपते आणि सहावी 'एल्डोराडो'वर. हवं ते आणि टाळावं ते, दोघांचं यमक एकच! पहिल्यांदा ती उन्हासोबतची साधी सावली असते. मग ती मनावर पडते. तिसऱ्या कडव्यात भेटणारा यात्रेकरूच सावली आहे. चौथ्यात बायबलच्या तेविसाव्या स्तोत्रातली मृत्युछायेची दरी येते.

मी एकदा हिचं मराठी करायला बसले. सावली, मळभ, आकृती, मृत्युछाया असे चार शब्द घातले. अर्थ चोख उतरला आणि कविता मेली. शब्द तोच राहायला हवा, माणूस तेवढा म्हातारा व्हायला हवा. म्हणून चारही ठिकाणी 'सावली' ठेवली. तर तिसऱ्या कडव्यात भलतंच झालं. 'थकल्यावर त्याला एक सावली भेटली', हे मराठीत वाचून भीती वाटतच नाही, हायसं वाटतं! पोला ते चाललं नसतं. मला चाललं.

कारण आपलं रामटेक जवळच आहे. मेघदूतातला रामगिरी तोच, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं. त्यातल्या पहिल्याच श्लोकात 'स्निग्धच्छायातरुषु' आहे. झुरणाऱ्या यक्षाला कालिदासाने राहायला दिली ती दाट सावलीची झाडं. तोही आस लावून बसलेलाच, पण स्वतः धावत नाही, ढगाला पाठवतो. अर्थात आपल्याकडे सावली कायम मायेचीच होती असंही नाही. माणसाच्या सावलीचा विटाळ मानणारा समाज हाच. दीक्षाभूमीच्या गावात हे विसरून कसं चालेल?

आणखी एक बारीकशी गोष्ट. सरदाराचं गाणं पहिल्या कडव्यानंतर पुन्हा ऐकू येत नाही. पत्ता मिळाल्यावर तो निघाला का, तेही कळत नाही, कारण शेवटचे शब्द सावलीच्या तोंडी आहेत. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला पो गेले, चाळिसाव्या वर्षी.

तो कूलर जरा दोन मिनिटं बंद करता का? मूळ कविता वाचून दाखवते.