उचलता येईल तेवढीच पिशवी

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढ लागला की आमच्या सांगलीत ख्यालीखुशाली विचारायची तऱ्हाच बदलते. "काय, बरं आहे ना?" असं न विचारता माणसं विचारतात, "आयर्विनला किती?" कृष्णेवरच्या या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. तेव्हा पूर म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. आज बोलायचंय ते आपत्कालीन पिशवीबद्दल. पेटी नव्हे हं, पिशवी. का, ते ऐका.

२००५चा पूर ओसरला आणि आमच्या ह्यांनी पत्र्याची एक ट्रंक सज्ज केली. हे हिशेबी गृहस्थ. झाकणाच्या आतून यादी चिकटवलेली, ४१ वस्तूंची. दोर, मेणबत्त्या, काडेपेट्या, बॅटरी, बँडेज, सतरंजी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, आणि भडंगाची पाच पाकिटं. दर पाडव्याला गुढी उतरवली की ट्रंक उघडायची, जुनं काढायचं, नवं भरायचं. (भडंगात लसूण सढळ हातानं हवा. हल्ली काही ठिकाणी गोडसर भडंग मिळतं, त्याला भडंग का म्हणायचं हे मला कळलेलं नाही.) तर सांगायचा मुद्दा, १४ वर्षं ही ट्रंक तयार होती. १४ वर्षांत ती एकदाही कुणी उचलून बघितली नाही.

२०१९चा ऑगस्ट. गावभागात सगळ्यांचं एकच म्हणणं, "२००५ला या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्यावर काही यायचं नाही." कृष्णामाईला पायरी कुठं ठाऊक! पाणी दारातून आलंच नाही आधी. आलं मोरीतून, गुडगुड करत. रात्री अकराला घोटाभर, पहाटे कंबरेएवढं. आम्ही चौघांनी धापा टाकत ट्रंक माडीवर चढवली. हे इतके खूश, की मला म्हणाले, "बघ, हसत होतीस ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी बोट आली. त्यातल्या जवानानं ट्रंकेकडे पाहिलं आणि हात जोडले. "अम्माजी, ये नहीं जाएगा." माणशी एक पिशवी, बस. आणि बरोबरच होतं त्याचं. त्याच आठवड्यात, ८ तारखेला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. किती घरं उजाड झाली ते तुम्हाला माहीत आहे. पुराच्या पाण्यात नावेत ट्रंक घ्यायची नसते.

मग पाच मिनिटांत ट्रंक उपसली. ह्यांनी कागदपत्रांची फाइल घेतली, सुनेनं बाळाचे कपडे घेतले, आणि मी काय घेतलं? भडंग. पाचही पाकिटं. माणूस घाबरला की काय उचलेल याचा नेम नाही.

विश्रामबागेकडच्या एका शाळेत पोचलो. सतरंजी मिळाली, चहा मिळाला. मी मोठ्या ऐटीत पाकीट फोडून मामंजींपुढं धरलं. मामंजी माझ्याकडे बघत राहिले. मग तोंडावर हात धरून म्हणाले, "सूनबाई, माझी कवळी?"

कवळी खाली बेसिनवर, काचेच्या पेल्यात. म्हणजे त्या घटकेला कृष्णेच्या तळाशी.

यादीत ४१ वस्तू होत्या हो. कवळी नव्हती. मामंजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या नव्हत्या. माझा वाचायचा चष्मा नव्हता. मदत म्हणून जे येत होतं ते सगळं कुरकुरीत, फरसाण, चिवडा, टोस्ट. नऊ दिवस मामंजी चहात बुडवलेली बिस्किटं आणि कालवलेला आमटीभात यावर राहिले. शेजारी कुणी भडंग खाऊ लागलं की पाठ फिरवून बसायचे.

आमच्याच खोलीत एक काकू होत्या. त्यांच्याजवळ कापडी पिशवी, एवढीशी. तिच्यातून हवं ते निघायचं. मी विचारलं, यादी कुठून मिळाली? म्हणाल्या, "यादी कसली? घरातलं एकेक माणूस डोळ्यापुढं आणलं, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत. ज्याच्यावाचून त्याचं अडतं, ते घातलं."

बस, श्रोतेहो, हेच. वस्तू मोजू नका, माणसं मोजा. पुन्हा सांगते, वस्तू नव्हे, माणसं. चष्मा, कवळी, गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी, श्रवणयंत्राचे सेल, पोरीबाळींसाठी पॅड.

बाकीचं तुम्हाला ठाऊकच आहे, भरभर सांगते. कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. सुट्ट्या नोटा, कारण वीज गेली की एटीएमही गेलं. बॅटरीतले सेल बाहेर काढून ठेवा, आत ठेवले तर पाझरतात. पाण्याच्या दहा लिटरच्या कॅनचं वजन दहा किलो, म्हणून पिशवीत माणशी एक बाटली आणि क्लोरीनच्या गोळ्या. घरातली भांडी मात्र पाणी चढायच्या आधीच भरून माडीवर न्या. शिट्टी. फोन नंबर कागदावर, पेनानं लिहिलेले. मला स्वतःच्या मुलाचा नंबर पाठ नव्हता, तुम्हाला तरी आहे का? ११२ आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७, हे दोन तरी लिहा. आणि एक छोटा रेडिओ. मी रेडिओवर बोलतेय म्हणून सांगत नाही. त्या दिवसांत मोबाइलवर धरण फुटल्याच्या इतक्या थापा आल्या, की शाळेतल्या निम्म्या बायका रडत बसल्या होत्या.

घर सोडताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद. आणि पूर बघायला पुलावर जाऊन फोटो काढणाऱ्यांनी कृपा करून घरी बसावं. ज्यांचं घर बुडतंय त्यांना कसं वाटतं ते एकदा विचारा.

कोयना भागातल्या, लातूर-धाराशिवच्या श्रोत्यांसाठी एक. भूकंप नावेची वाट बघू देत नाही. किल्लारीला १९९३ साली धरणी हलली ती पहाटे चारच्या सुमारास, सगळी झोपेत असताना. पिशवी दाराशी हवी आणि चप्पल उशाशी. काचांवरून अनवाणी धावता येत नाही.

आता आमची पिशवी माडीच्या खुंटीवर असते. घरातल्या सगळ्यात अशक्त माणसानं, म्हणजे मामंजींनी, ती उचलून जिना उतरून दाखवायचा, असा आमचा नियम आहे. उचलता आली नाही, तर दोन वस्तू कमी. मामंजी ९१ वर्षांचे आहेत. पाणी ओसरल्यावर मोरीतल्या गाळात ती कवळी सापडली, घासून धुऊन आता डबीत घालून पिशवीत आहे. दर १ जूनला मामंजी आधी डबी उघडून बघतात, मग भडंगाचं पाकीट फोडतात. त्यामुळे तेवढं एक पाकीट मला दरवर्षी नवं आणावं लागतं.

नमस्कार.