पडलेल्या प्रोग्रामचा पंचनामा

(भिंगाखाली फेराइटच्या कड्या. कॅमेरा हळूहळू मागे येतो.)

मोहरीच्या दाण्याएवढ्या या कड्या. प्रत्येकीतून केसासारख्या तांब्याच्या तारा गेल्यात, आणि त्या हातानं ओवलेल्या आहेत. एक कडी म्हणजे एक बिट. चुंबकत्व एका दिशेला असलं की शून्य, उलट दिशेला असलं की एक. वीज गेली तरी तसंच राहायचं. सत्तरच्या दशकापर्यंत संगणकाची मेमरी म्हणजे मुख्यतः हीच, कोअर मेमरी. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं बांधलेल्या, 1960 साली कामाला लागलेल्या टिफ्रॅक या संगणकातही हीच होती. 40 बिटांचे 2048 शब्द, म्हणजे 80 हजारांवर कड्या!

प्रोग्राम अडला की मेमरीतलं सगळं कागदावर छापून घ्यायचं आणि आकड्यांच्या त्या रांगांतून चूक शोधत बसायचं. त्याला म्हणायचे कोअर डंप. कड्या गेल्या, नाव राहिलं.

(काळा पडदा. हिरवी अक्षरं.)

हा छोटा लिनक्स प्रोग्राम आम्ही मुद्दाम चुकीचा लिहिलाय. तो मेमरीतल्या रिकाम्या पत्त्यावर लिहायला जातो, जिथे लिहायची परवानगीच नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला सिग्नल 11 पाठवतं. 'सेगमेंटेशन फॉल्ट'. बस, एवढीच ओळ. फोल्डर पाहा, डंप नाही.

'युलिमिट मायनस सी', कोअर फाइल किती मोठी होऊ शकते ते सांगणारी कमांड. उत्तर शून्य. कोअर फाइलला शून्य बाइटची परवानगी! बऱ्याच मशीनवर सुरुवातीला हे असंच असतं, आणि आम्हाला ते मान्य नाही. ज्याचा प्रोग्राम पडला, त्याला पडण्याचं कारण कळायलाच हवं.

शून्याऐवजी 'अनलिमिटेड'. प्रोग्राम पुन्हा पाडला. ही बघा, 'कोअर' नावाची फाइल. पण आणखी एकदा पाडला, की जुन्या पंचनाम्यावरच नवा लिहिला जातो.

(बोटं कीबोर्डवर. मग 'कोअर पॅटर्न'ची ओळ पडदाभर.)

म्हणून ही फाइल. प्रॉक, त्यात सिस, त्यात कर्नल, आणि आत 'कोअर पॅटर्न'. एकच ओळ. तिच्यात टक्का ई लिहिलं की प्रोग्रामचं नाव येतं, टक्का पी लिहिलं की प्रोसेसचा क्रमांक, टक्का टी लिहिलं की वेळ, 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत. आता प्रत्येक डंप वेगळ्या नावानं राहील. ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ दिली, तर कर्नल डंप थेट दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती सोपवतं. फेडोरा या लिनक्समध्ये ते काम सिस्टिमडी-कोअरडंप करतो. डंप कॉम्प्रेस करून व्हार-लिब या फोल्डरखाली ठेवतो, आणि 'कोअरडंपसीटीएल लिस्ट' म्हटलं की कोण कधी पडलं त्याची यादी समोर येते. ओळ नुसती टाइप केली तर रीबूटला पुसली जाते. एटसी फोल्डरातल्या 'सिससीटीएल डॉट डी'मध्ये लिहा, टिकेल.

डंपात पासवर्डही सापडू शकतात, डिस्कही भरते. वाचण्याची परवानगी आणि आकाराची मर्यादा ठरवून घ्या.

(पडद्याचा प्रकाश चेहऱ्यावर.)

जीडीबी, म्हणजे चुका शोधायचं साधन, उघडलं, डंप दिला. 'बीटी', म्हणजे बॅकट्रेस. सगळ्यात वर, शून्य क्रमांकावर, प्रोग्राम जिथे पडला ते फंक्शन. खाली त्याला बोलावणारं. त्याच्या खाली 'मेन', जिथून प्रोग्राम सुरू होतो. कंपाइल करताना, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवताना, 'मायनस जी' दिलं होतं, म्हणून शेजारी फाइलचं नाव आहे आणि ओळही.

ओळ क्रमांक 17.