महाबळेश्वरच्या थंडीत पोहायचं पाणी

(दृश्य: पहाट. वेण्णा तलावाची जेटी, फळ्यांवर पांढरा थर.)

जानेवारीतलं महाबळेश्वर. पारा उतरला की वेण्णा तलावाच्या जेटीवर दवबिंदू गोठतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. अशाच थंडीत इथल्या बंगल्यांच्या पूलमध्ये पाणी मात्र २८ अंशांवर हवं असतं. पाहुण्यांनी पूल बघूनच बुकिंग केलेलं असतं ना!

पूलच्या मागे उभा असतो हीट पंप. दिसायला एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा, आणि आतूनही बराचसा तसाच. पंखा बाहेरची हवा कॉइलमधून ओढतो. कॉइलमध्ये रेफ्रिजरंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा पदार्थ असतो, नव्या मशिनमध्ये बहुधा आर-३२. हवेच्या साध्या दाबाला तो उणे ५२ अंशांनाच उकळतो. म्हणून आपल्याला हुडहुडी भरवणारी हवाही त्याची वाफ करायला पुरते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून आणखी गरम करतो, आणि टायटॅनियमच्या नळीतून ती उष्णता पाण्यात उतरते. टायटॅनियम महाग खरं, पण क्लोरीनच्या पाण्यात तेच टिकतं.

१० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल पूल धरा. पाणी ७० हजार लिटर. ते एक अंशाने तापवायला साध्या हीटरला सुमारे ८१ युनिट वीज लागेल. हीट पंप १६-१७ युनिटमध्ये भागवतो. पण कधी? हवा २७ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ८० टक्के असताना. माहितीपत्रकावरचा ठळक आकडा बहुतेकदा याच हवेतला. १५ अंशांचा आकडा शेजारी बारीक अक्षरात असतो. महाबळेश्वरसाठी मशिन घेताना तोच वाचायचा.

(दृश्य: जुलै. धुकं, पाऊस. मशिनखाली पाण्याचं थारोळं.)

वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारं हे गाव. पावसाळ्यात सोलर पॅनेल हात टेकतात, हीट पंपाचं मात्र बरं चाललेलं असतं. दमट हवेतली वाफ गार कॉइलवर पाणी होऊन टपकते आणि जाताना लिटरमागे जवळपास ०.७ युनिट उष्णता सोडून जाते. तीही फुकट! खालचं थारोळं पाहून मालक मशिन गळत असल्याची तक्रार करतात. मेकॅनिक त्यात क्लोरीनची टेस्ट स्ट्रिप बुडवतो. रंग बदलला नाही, तर ते हवेतलं पाणी.

थंडीतल्या रात्री याच ओलाव्याचा त्रास होतो. हवा पाच-सहा अंशांवर आली की कॉइल शून्याखाली जाते, तिच्या पातळ पत्र्यांवर हिम धरतं, हवेची वाट बुजते. मग मशिन काही मिनिटं उलटं चालतं आणि पूलमधलीच उष्णता घेऊन ते हिम वितळवतं. मिळवलेलं परत द्यायचं, असा हा व्यवहार. त्यामुळे पाणी एकदा तापलं की पंप भर दुपारी चालवावा आणि रात्री पूलवर कव्हर घालावं. उघड्या पूलची सुमारे ७० टक्के उष्णता बाष्पीभवनात जाते. मोठं मशिन घेण्याआधी कव्हर घ्या, असंच आम्ही म्हणू. पण कव्हर घातलेल्या पूलचा फोटो चांगला येत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते गुंडाळी होऊन कोपऱ्यात पडलेलं दिसतं.

१७ किलोवॅटचं मशिन १५ अंशांच्या हवेत साधारण १२ किलोवॅटच देतं. १८ अंशांचं पाणी २८ वर न्यायला सलग तीन दिवस जातात. शुक्रवारी पाहुणे येणार असतील, तर पंप सोमवारीच सुरू करावा लागतो.